मापसाहेबांचा आखूड किलोमीटर

माझ्या थोरल्या भावाला पेट्रोलपंपावरची माणसं मापसाहेब म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. दादाला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही असावं. वजनमापं तपासण्याच्या सरकारी कचेरीत त्याची एकतीस वर्षं गेली. दुकानातले तराजू, गोदामातले मोठे काटे, आणि आठवड्यातून दोन दिवस पेट्रोलपंप. निमुळत्या गळ्याचं, गळ्याला आखीव काच बसवलेलं पाच लिटरचं माप घेऊन तो पंपावर उतरायचा, त्यात पाच लिटर ओतायला लावायचा, फेस बसेपर्यंत थांबायचा आणि मग डोळा काचेला चिकटवून वाचायचा. पाच लिटरला दोन-तीन चमच्यांची सूट असे. त्याच्या खाली गेलं की तिथल्या तिथे सील. दुरुस्ती होऊन फेरतपासणी होईपर्यंत त्या नळीतून थेंबसुद्धा विकायचा नाही. मालक हात जोडो, ओळखी काढो की आवाज चढवो, दादाचं एकच वाक्य: "तफावत आहे." बस्स.

घरातही हीच तऱ्हा. लहानपणी आम्हा तीन भावंडांत दूध वाटायचं काम आईने त्याच्याकडे दिलं होतं, कारण त्याने वाटल्यावर भांडण होत नसे. तिन्ही पेले एका रांगेत ठेवून तो खाली वाकून बघायचा. वहिनी सांगते, "माझ्या वडिलांनी लग्न जुळवताना माझी उंची दोन बोटं वाढवून सांगितली होती. ह्यांनी पहिल्या भेटीत पकडलं. माझ्या वडिलांना म्हणाले, तफावत आहे, पण चालेल. मी तेव्हाच ठरवलं, हा माणूस खोटं बोलायच्या कामाचा नाही."

असा हा माणूस निवृत्त झाला आणि तिसऱ्या महिन्यात एक गाडी घेऊन आला. गडद हिरव्या रंगाची, दोन दारांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी, मागे पंख लावलेली. आठ वर्षं जुनी होती, पण इंजिन टर्बोचं. पाय ठेवला की पाठ सीटला चिकटायची. एकतीस वर्षं कचेरीच्या जीपमध्ये हाडं खिळखिळी करून घेतलेल्या माणसाने आयुष्यात एवढी एकच चैन केली. मुलगी थक्क झाली, मी हसले आणि वहिनी म्हणाली, "लोकांची मापं काढून दमले, आता स्वतःचं सुटलं."

त्या गाडीबद्दल आपल्या लोकांनी त्याला एकच प्रश्न विचारला. शेजारी, दूधवाला, जुने सहकारी, सगळ्यांचा एकच. "किती देते?" किती पळते असं कुणी विचारलं नाही. दादा गुळमुळीत काहीतरी बोलून विषय बदलायचा. वहिनी आतून सांगायची, "ती देत नाही हो, घेते."

दीड वर्ष त्याने ती गाडी मनसोक्त चालवली. मग वहिनीच्या मूत्रपिंडांनी काम थांबवलं.

डायलिसिसचं सेंटर चव्वेचाळीस किलोमीटरवर, मोठ्या गावात. सोमवार, बुधवार, शनिवार. सकाळी नेऊन सोडायचं, चार तास बसायचं, परत आणायचं. वहिनीने दिवसात किती पाणी प्यायचं ते डॉक्टरांनी ठरवून दिलं होतं. दादाने एका बाटलीवर रेघा आखल्या आणि कोणत्या वेळेला कोणत्या रेघेपर्यंत यायचं हेही ठरवलं. वहिनी ती बाटली उन्हाकडे धरून बघायची आणि म्हणायची, "एकतीस वर्षं पंपवाल्यांनी भोगलं, आता माझी पाळी." हसायची, पण पहिल्यासारखं नाही. दोघंही दमली होती. नेमाने, ठरल्या वारी येणाऱ्या कामाचा एक वेगळा थकवा असतो. त्यात पुढच्या वेळी बरं होईल अशी आशा नसते, फक्त पुढचा वार असतो.

पेन्शन औषधांत जाऊ लागली तेव्हा पेट्रोल मुलीने अंगावर घेतलं. माझी ही भाची एका कंपनीच्या मालवाहू गाड्यांचं वेळापत्रक सांभाळते, त्यामुळे कोणती गाडी किती पिते हे तिला कुणी शिकवायला नको. दोन महिन्यांनी ती आली ती ठरवूनच आली.

"बाबा, ती गाडी काढून टाक. छोटी उंच गाडी घेऊ. आईला आत बसताना किती वाकावं लागतं बघितलंस?"

"सीट मागे पूर्ण पडते. तिला झोपता येतं."

"लिटरला किती देते?"

दादा चष्मा पुसायला लागला.

"बाबा, तू मापसाहेब ना? सांग की."

"पावणेआठ," दादा म्हणाला.

"माझे लोडेड टेम्पो ह्याच्याहून जास्त देतात."

"गाडी जुनी आहे. नीट लावून घेतली तर बारा देईल."

हे बारा त्याच्या तोंडून कसे निघाले कोण जाणे. भाचीने ते उचलले. "ठीक आहे. बारा. टाकी फुल ते टाकी फुल, लागोपाठ तीन टाक्या. मी एक शब्द बोलणार नाही. पण नाही झाले तर गाडी जाणार."

"लेखी दे," दादा म्हणाला. आणि ती हसत असताना त्याने खरोखर वही आणली.

ती वही मी लिहीत असे. दादाचं अक्षर त्याचं त्यालाच लागत नाही. मी शनिवारी त्यांच्याबरोबर जायची, मागच्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून. तिथून मला वहिनीचा फक्त अंबाडा दिसायचा आणि दादाचे स्टिअरिंगवरचे हात. निघताना मीटरचा आकडा, पोचल्यावर मीटरचा आकडा, पंपावर किती लिटर. पंप दादाने निवडून ठरवलेला होता. पहिल्या दिवशी त्याने आपलं जुनं पाच लिटरचं माप डिकीतून काढलं तेव्हा पंपावरच्या पोराने आत जाऊन मालकाला उठवलं. माप बरोबर निघालं. दादा म्हणाला, "लिटर खरा आहे. आता बाकीचं आपल्या हातात."

पुढचे तीन महिने तो त्या गाडीच्या मागे लागला. गावातला मिस्त्री त्याच्या वयाचा, तोंडाचा फटकळ. गाडी वर चढवून त्याने चाकं हाताने फिरवून बघितली, तर मागचं डावं चाक फिरेनाच.

"साहेब, ब्रेक धरून ठेवलाय एका बाजूने. तुम्ही बैल जुंपलेत आणि एकाला खुंटीला बांधून ठेवलंत."

ब्रेक मोकळा झाला. मग सापडला तो थर्मोस्टॅट. इंजिन तापल्याशिवाय पाणी फिरू न देणारी ही एवढीशी झडप उघडीच अडकली होती. इंजिन कायम गार राहायचं आणि गार इंजिन जास्त पेट्रोल मागतं. मिस्त्री म्हणाला, "म्हणजे दीड वर्षं तिला थंडी वाजतेय आणि तुम्ही तिला खाऊ घालताय." ती बदलली. प्लग बदलले, हवेची जाळी बदलली, टायरमध्ये हवा बरोबर केली. मागचा पंख उतरवला. जॅक आणि पाने सोडून डिकीतलं सगळं बाहेर काढलं. मापसुद्धा. पावणेआठचे नऊ झाले, नवाचे दहा.

एक गोष्ट मात्र मिस्त्रीने त्याला शिकवली आणि ती त्याला फार लागली. दादा उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकायचा. जीपच्या काळातली सवय, सगळ्याच जुन्या माणसांची. मिस्त्री एकदा बरोबर बसला आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "अहो, ते कार्बोरेटरवाल्या गाड्यांचं शास्त्र. ह्या गाडीला गिअरमध्ये ठेवून पाय उचललात की ती पेट्रोल पूर्ण बंद करते. न्यूट्रल केलंत की इंजिन चालू ठेवायला तिला प्यावंच लागतं. वर ब्रेकवर सगळा भार. साहेब, तुम्ही वाचवत नव्हतात, तुम्ही सांडत होतात."

दादा घरी येऊन पायरीवरच बसला. मग मला म्हणाला, "एवढी वर्षं लोकांना सांगत होतो, न्यूट्रल करा म्हणून."

त्यानंतर त्याची चालवण्याची पद्धत बदलली. गाडीत टर्बोचा एक वेगळा छोटा काटा आहे. तो शून्याच्या वर गेला की गाडी जोर लावते आणि पिते. दादाने तो काटा शून्याच्या खाली ठेवायचं व्रत घेतलं. वरच्या गिअरमध्ये, हलक्या पायाने, समोरचा सिग्नल लाल दिसला की लांबूनच पाय उचलून. ट्रकच्या मागे लागला तर ट्रकच्या मागे. ज्या गाडीला सगळे बाजूला होऊन वाट द्यायचे तिला आता रिक्षा मागे टाकून जायला लागल्या. पन्नास मिनिटांचा रस्ता सव्वा तासाचा झाला. एसी बंद, कारण एसीही पितो. निघताना दादा विचारायचा, "लावू का गं?" वहिनी डोळे मिटूनच म्हणायची, "नको."

पावणेअकरा झाले आणि तिथे आकडा रुतून बसला. महिनाभर हलला नाही. दादाचं जेवण कमी झालं. वहिनीला सोडून तो सेंटरच्या वाहनतळात गाडीतच बसून राहायचा आणि वहीची पानं उलटायचा. मी एकदा म्हटलं, "दादा, आत येऊन बस. गार आहे." तो म्हणाला, "सव्वा कुठे जातोय ते बघतो." पावणेअकरा आणि बाराच्या मधला सव्वा. जसा काही तो सीटखाली सांडला होता.

मग त्याने चाकं बदलली. गाडीची मूळची चाकं रुंद, रस्त्याला घट्ट धरणारी. पळायला चांगली, पण घासणारी. मिस्त्रीकडे एका साध्या गाडीची अरुंद, हलकी चाकं पडून होती. ती बसली. नव्या चाकांवर पहिल्याच शनिवारी वहिनी आत बसताना थबकली. "अहो, आज खाली गेल्यासारखी वाटते."

"तुला दम लागलाय म्हणून."

"बोटभर खाली गेली," ती म्हणाली, आणि दाराचा आधार घेऊन बसली.

त्या टाकीला बारा पूर्णांक एक निघाले.

दादा पंपावर उभा राहून तीन वेळा भागाकार करत होता. मग त्याने पंपवाल्या पोराला पाणी मागितलं आणि अख्खी बाटली प्यायला. दुसरी टाकी, बारा पूर्णांक दोन. त्याने भाचीला फोन करून आकडा सांगितला तेव्हा आवाज जपून साधा ठेवला होता. ती म्हणाली, "बाबा, मानलं. तिसरी झाली की रविवारी येते, वही बघायला." त्या दिवसांत दादा जरा सरळ चालायला लागला होता. मिस्त्रीने गावभर सांगितलं होतं की टर्बोची गाडी बारा देते, आणि लोक आता "किती देते" विचारायचे तेव्हा दादा थांबून उत्तर द्यायचा.

तिसरी टाकी भरून पुन्हा बारा पूर्णांक एक निघाले त्या शनिवारी मी मागच्या सीटवर वही लिहीत होते. सेंटरच्या फाटकात मी आकडा वजा केला आणि सहज विचारलं, काही मनात नसताना, "दादा, रस्ता लांबला का रे?"

"म्हणजे?"

"पूर्वी इथवर चव्वेचाळीस व्हायचे. आता सव्वासेहेचाळीस दिसतात. गेल्या वेळीही तेवढेच. वळसा पडला का कुठे?"

दादाने गाडी उभी केली होती, तरी हात स्टिअरिंगवरून काढले नाहीत. वहिनीने डोळे उघडले. नर्स चाकाची खुर्ची घेऊन आली, वहिनी उतरली, आत गेली, आणि दादा तसाच बसून.

"नाही," तो शेवटी म्हणाला. "रस्ता तेवढाच आहे."

रविवारी सकाळी मी गेले तेव्हा तो अंगणात होता. गाडीच्या टायरवर खडूने एक खूण, जमिनीवर एक खूण. गाडी हाताने ढकलत त्याने चाक एक पूर्ण फेरा पुढे नेलं, खूण पुन्हा जमिनीला लागली तिथे दुसरी रेघ ओढली आणि टेप लावली. एकशे एकोणनव्वद सेंटिमीटर. मग भिंतीशी रचून ठेवलेलं जुनं रुंद चाक त्याने लोळवत आणलं, तसंच एक फेरा फिरवलं. एकशे नव्व्याण्णव.

"कळलं?" त्याने विचारलं.

मला अर्धवट कळलं होतं. त्याने समजावलं, शाळेत मला गणित समजावायचा तसंच, चिडत नाही असं दाखवत. गाडीला रस्ता दिसत नाही, तिला फक्त चाकाचे फेरे मोजता येतात. चाक लहान झालं की तेवढ्याच रस्त्यासाठी फेरे जास्त. मीटर समजतो, जास्त चाललो. "शंभर दाखवतो तेव्हा पंच्याण्णव चाललेली असते. लिटर खरा होता. किलोमीटर आखूड होता."

"मग खरे किती?"

"साडेअकरा."

"म्हणजे वाढले की. पावणेअकराचे साडेअकरा."

"पाच टक्के तफावत आहे," तो म्हणाला. "अर्ध्या टक्क्यावर मी लोकांच्या नळ्या बंद केल्यात. आणि स्वतःच्या वेळी लिटर मोजला, पण दुसरी बाजू बघितलीच नाही. तिने सांगितलं होतं गाडी खाली गेली म्हणून. मी तिलाच वेड्यात काढलं."

वहीत त्याने तिन्ही आकड्यांवर एकेक सरळ रेघ मारली, खाली दिसेल अशी. बाजूला नवे आकडे लिहिले आणि सही केली. पहिल्यांदाच त्याचं अक्षर लागण्यासारखं होतं.

दुपारी भाची आली. वही बघितली, दादाचं म्हणणं ऐकलं आणि हसायलाच लागली. "बाबा, मला कळलंसुद्धा नसतं."

"म्हणूनच."

"बरं, साडेअकरा चालतील मला. संपलं. गाडी ठेव."

"सूट मागितली नाही मी. बारा ठरले होते."

"अरे, देणारी मी, घेणारा तू, आणि भांडतोस उलटा?"

"मला कुणी विचारलंय का?" वहिनी म्हणाली.

ती पलंगावर उशीला टेकून बसली होती. आम्ही तिघंही तिच्याकडे बघायला लागलो, कारण खरंच कुणी विचारलं नव्हतं.

"त्या सुया काढल्या की मला घर हवं असतं," ती म्हणाली. "दुसरं काही नको, हे छत. पूर्वी पन्नास मिनिटांत यायचं. आता सव्वा तास. एसी बंद. पुढे ट्रक. ह्यांची नजर त्या काट्यावर आणि माझा जीव ह्या छतात."

"तूच नको म्हणायचीस," दादा म्हणाला.

"लावू का, असं विचारलं की काय म्हणणार? गाडी जाईल म्हणून तुमचा चेहरा एवढासा झालेला."

"मग विकू या."

"मी विका म्हटलं नाही. जोरात चालवा म्हणतेय."

जोरात चालवली की आकडा आठवर, हे खोलीत प्रत्येकाला ठाऊक होतं. भाचीने वही मिटली. तिने तिचा शब्द मागे घेतला होता. आता तो कुठवर मागे घ्यायचा ह्याचा ती अंदाज घेत असावी. दादा उठून अंगणात गेला. ती संध्याकाळी परत जायला निघाली तेव्हाही काही ठरलं नव्हतं.

सोमवारी सकाळी दादाने गाडी काढली नाही. "मीटर खोटा आहे," एवढंच कारण दिलं. मिस्त्रीला जुनी चाकं लावायला बुधवार उजाडणार होता आणि तोवर ती गाडी त्याच्या लेखी सील झाली होती. त्याने चौकातल्या टॅक्सीवाल्याला बोलावलं. मला म्हणाला, "तूही चल, वाट दाखवायला." वाट टॅक्सीवाल्याला पाठ होती. पण मी गेले.

मी पुढे बसले. ही दोघं मागे. लग्नानंतर ही दोघं गाडीत शेजारी शेजारी मागे कधी बसली असतील तर मला आठवत नाही. दादा कायम पुढे, हातात काहीतरी धरून. जाताना तो अवघडून बसला होता, पायाखाली नसलेला ब्रेक दाबत. टॅक्सीवाला म्हणाला, "साहेब, तुमचा पाय दुखेल."

परतताना वहिनी नेहमीसारखी राखेच्या रंगाची झाली होती. मी आरशातून बघत होते. अर्धा रस्ता झाला असेल, तिने रुमाल तोंडात धरला आणि डोळे गच्च मिटले.

"काय होतंय?" दादा म्हणाला.

ती बोलेना. नुसता पोटरीकडे हात केला. दादाने वाकून बघितलं. पोटरीचा गोळा वर आला होता, मुठीएवढा, दगडासारखा. त्याने तिचा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला, चप्पल काढली आणि अंगठे दाबून गोळा चोळायला लागला. टॅक्सीवाल्याने न सांगता वेग कमी केला, तर दादा म्हणाला, "नको, जाऊ दे. आहे तसा जाऊ दे."

पाच-सात मिनिटांनी तिचा चेहरा सैल झाला.

"हे नेहमी होतं?"

"परतताना. रोज नाही."

"मी गाडीत असताना?"

"तुम्हीच असता की गाडीत."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही चालवत होतात," वहिनी म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तक्रारीलाही ताकद लागते आणि तेवढीही तिच्यात उरली नव्हती. घर येईपर्यंत तिचा पाय दादाच्या मांडीवर होता. शेवटच्या दहा मिनिटांत तिला झोप लागली, आणि घर आलं तरी दादाने टॅक्सीवाल्याला इंजिन चालू ठेवायची खूण केली.

संध्याकाळी त्याने मुलीला फोन लावला. मी तिथेच वहिनीच्या गोळ्या डबीत भरत होते.

"गाडी काढून टाकतो," तो म्हणाला.

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. मला तिचा आवाज येत होता. बाबा, मी बारा मागे घेते, कितीही देऊ दे, जोरात चालव, एसी लाव, मी बघते पेट्रोलचं. दादाने सगळं ऐकून घेतलं.

"बाराचा प्रश्न नाही गं. ह्याच टॅक्सीवाल्याला तिन्ही वार ठरवतोय."

ती पुन्हा काहीतरी म्हणाली.

"दुसऱ्याला चालवायला देऊन काय करू?" दादा म्हणाला. "त्या गाडीत दोघांना मागे बसता येत नाही. मी मोजून बघितलं."

तीन आठवड्यांत गिऱ्हाईक आलं. दातांचे डॉक्टर, हौशी. दादाने मूळची चाकं आणि पंख परत बसवून घेतला होता आणि गाडी धुतली होती. डॉक्टरांनी विचारलं, "किती देते?" दादाने वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट बघितली, खोडलेल्या आकड्यांवर बोट ठेवून हे काय म्हणून विचारलं, आणि दादाने खडू आणि टेप आणून त्यांना अंगणात अर्धा तास उभं केलं. मला वाटलं, माणूस कंटाळून जाणार. पण त्यांनी शेवटी गाडी घेतली. निघताना त्यांचा पाय जरा जास्तच पडला आणि गाडी फाटकातून सुटली ती कोपऱ्यापर्यंत दिसलीच नाही.

दादा आत येऊन वहिनीच्या पलंगाच्या कडेला बसला.

"गेली?" तिने विचारलं.

"गेली."

"डोळ्यांत काय आहे?"

"धूर गेला."

"ती गाडी धूर सोडत नव्हती," वहिनी म्हणाली. "सगळं नीट करून घेतलं होतंत तुम्ही."

दादाने खडूचे हात सदऱ्याला पुसले. ती भिंतीच्या बाजूला थोडी सरकली, त्याला पाय वर घेता यावेत इतकी.